हाताला बसेल ते हत्यार

दिवाळीच्या बाजारात टिकल्यांचे पिस्तूल घ्यायला आलेला सात-आठ वर्षांचा मुलगा पाहावा. तो किंमत विचारीत नाही की कारखान्याचे नाव वाचीत नाही. पिस्तूल उचलतो, मुठीत धरतो, बोट चापापर्यंत पोहोचते का ते पाहतो आणि पोहोचले नाही तर निमूटपणे ते खाली ठेवून दुसरे उचलतो. हाच मुलगा मोठा होऊन, संसाराला लागून, खरेखुरे रिव्हॉल्व्हर विकत घ्यायला निघाला, म्हणजे मात्र त्याचा हा शहाणपणा कोठे जातो कोण जाणे! मग तो नाव विचारतो, नळीवरची चकाकी पाहतो, "विलायती आहे का?" म्हणून चौकशी करतो, घासाघीस करतो. हाताची चौकशी शेवटी. पुष्कळदा तर ती होतच नाही.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा बंदुकीचा विषय कशाला, असे एखाद्या गृहिणीच्या मनात येणे साहजिक आहे. पण ज्या घरात असे हत्यार येते, त्या घरात ते केवळ घेणाऱ्याचे राहत नाही. कपाट घरातले असते, किल्ली घरातली असते, आणि मुलेही त्याच घरात वाढत असतात. तेव्हा ह्या खरेदीत घरातील प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार आहे, आणि बोलण्यापुरती माहितीही प्रत्येकाला असावी.

कोणाला हवे असते?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि जिनिंग कारखाने गजबजतात. कापसाचा व्यापारी, सराफ, पेट्रोल पंपाचा मालक, आडवाटेवरील शेतीवर राहणारा बागाईतदार, सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी, अशा मंडळींच्या मनात परवान्याचा विचार येतो. पूर्वी थैलीतून फिरणारा पैसा आता बराचसा बँकेतून फिरतो, त्यामुळे कित्येकांची गरज उरलेली नाही. हौस मात्र उरली आहे. गरज आणि हौस ह्यांतला फरक आधी स्वतःशीच प्रामाणिकपणे ठरवावा. त्यातच निम्मी खरेदी होते किंवा वाचते.

एक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. पांढरकवडा, झरी-जामणी, राळेगाव ह्या बाजूला जंगल जवळ आहे. रानडुकरे आणि रोही उभ्या पिकाची नासाडी करतात. टिपेश्वरचे अभयारण्य ह्याच जिल्ह्यात आहे, आणि पांढरकवडा-राळेगाव भागात कित्येक माणसांच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेली 'टी-१' ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, ती गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून "शेतात जावे लागते, कमरेला एखादे पिस्तूल असावे," असे कोणी म्हणतो. परंतु कमरेचे हत्यार जनावरासाठी नव्हेच. त्याची लहानशी गोळी चालून येणाऱ्या रानडुकराला थांबवील ह्याचा भरवसा नाही. ते जखमी होऊन अधिक चवताळण्याचा संभव मात्र पुष्कळ. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याच्या परवानगीवाचून अशा प्राण्यावर शस्त्र चालवता येत नाही. पिकाची राखण हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रिव्हॉल्व्हरमध्ये नाही.

आधी परवाना, मग दुकान

आपल्याकडील शस्त्रांचा कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. वय किमान २१ वर्षे हवे. यवतमाळ जिल्ह्यात परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, कारण काय ते सांगावे लागते, पोलिसांची चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते ठेवण्याची घरातील सुरक्षित व्यवस्था, ह्या दोन गोष्टींची अपेक्षा नियमांतच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकाला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

परवाना हाती येईपर्यंत कोणाला विसार देऊ नये. हाती आल्यावर त्यावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, कोणते माप, काडतुसे किती, हे सर्व तेथे असते. 'बत्तीस' हा आकडा तर पुष्कळांना फसवतो. .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल ह्यांची काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाशी ठळक कड असते व ते लांब असते. पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे दुसऱ्यात चालत नाही, चालवू नये.

जुन्या बाजारात आणखी एक मोह असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातील .४५५ चे भारदस्त वेब्ली किंवा लष्करी .३८ चे रिव्हॉल्व्हर कोणी दाखवतो आणि भाव फार नाही म्हणून मन पाघळते. पण लष्करी काडतूस ज्यात बसते अशी हत्यारे निषिद्ध मापाची गणली जातात. साध्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. सामान्य माणसाच्या वाट्याला येते ते बहुधा .३२, आणि हलक्या कामाचे .२२.

विक्रेता जर दुकानदार नसून आपल्यासारखाच परवानाधारक असेल, तर कायद्याने एक पायरी घालून दिली आहे. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्यावाचून हत्यार द्यायचे नाही. "ओळखीचे आहेत, आज घेऊन जा, कागद मागाहून करू," असे म्हणणाऱ्याचा चहा घ्यावा आणि उठावे. गावठी कट्ट्याचे तर नावच काढू नये. तो स्वस्त असतो हे खरे. पण नळी फाटून स्वतःचाच हात जाण्याची भीती असते, आणि हात वाचला तरी तुरुंग चुकत नाही.

जुने म्हणजे स्वस्त नव्हे

जुनी सायकल नव्या सायकलीपेक्षा स्वस्त मिळते. शिवणयंत्राचे तसेच, मोटारीचेही तसेच. हत्यारांच्या बाजारात मात्र हा हिशेब उलटा आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास खासगी आयातीचे दार जवळजवळ बंद झाले. त्यापूर्वी देशात आलेली विलायती रिव्हॉल्व्हरे तेवढीच राहिली, मागणी वाढत गेली, आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे पन्नास-साठ वर्षांचे .३२ नव्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षाही महाग होऊन बसले. त्या किमतीत पोलाद थोडे आणि नावलौकिक फार! २०२० पासून ह्याच नावाची .३२ रिव्हॉल्व्हरे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनू लागली आहेत. पण जुन्याचा तोरा उतरलेला नाही.

मध्यमवर्गीय खिशाला परवडणारे जुने म्हणजे बहुधा आपल्या सरकारी आयुध कारखान्यांचे. कानपूरचे .३२ चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, ज्याची नळी बिजागरीवर खाली मोडून काडतुसे भरतात, ते देशभर पसरलेले आहे. 'अशनी' नावाचे .३२ चे पिस्तूलही सरकारी कारखान्यांतलेच. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर आले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ साली आलेल्या 'प्रबल'चे चक्र बाजूला उघडते. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सारे कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले असले, तरी हत्यारे तीच आहेत. काडतुसांसाठीही दूर पाहावयास नको. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात ती बनतात, आणि त्यांच्या बुडावरील 'के. एफ.' ही अक्षरे परवानाधारकांच्या चांगल्या परिचयाची आहेत.

नव्या रिव्हॉल्व्हरला लाखाच्या पुढे रक्कम मोजावी लागते, म्हणून वापरलेले देशी घ्यावे, हा विचार चुकीचा नाही. त्याला दुसरेही एक कारण आहे. अशी हत्यारे फारशी झाडलेली नसतात. पुष्कळांनी घेतल्या दिवसापासून दहा-वीस गोळ्यांच्या वर खर्च केलेला नसतो. ती झिजत नाहीत, ती गंजतात. म्हणून त्यांची परीक्षा निराळ्या रीतीने करावी लागते. ती पुढे सांगतो. आधी हात.

हात मोजण्याची रीत

दुकानदाराने हत्यार हातात दिले की प्रथम ते रिकामे आहे की नाही ते स्वतः पाहावे. दुकानदाराने आत्ताच उघडून दाखवले असले, तरी पुन्हा पाहावे. ह्यात कोणाचा अपमान होत नाही. जाणता दुकानदार अशा गिऱ्हाइकाला मान देतो. नळी माणसाकडे कधीही नको, आणि पाहणे संपेपर्यंत बोट चापाबाहेर. एवढे झाले म्हणजे मोजणीला लागावे.

अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामधली जी बेचकी, तिच्यात मुठीचा मागचा भाग खोलवर, होईल तितका उंच बसला पाहिजे. तसा बसल्यावर नळी, मनगट आणि कोपर ही साधारण एका रेषेत येतात. नळी डावीउजवीकडे वळलेली दिसली, तर मूठ जाड आहे किंवा बोटे आखूड आहेत. गोळी सुटताना बसणारा धक्का ह्या रेषेतून सरळ खांद्याकडे गेला तर सोसतो. रेषा मोडली की तो अंगठ्याच्या सांध्यात बसतो.

मग तर्जनी चापावर ठेवावी. बोटाच्या शेवटच्या पेराचा मऊ भाग चापाच्या मध्यावर यावा. केवळ टोकच पोहोचत असेल तर चाप ओढताना नळी एका बाजूला ढकलली जाते; दुसऱ्या पेरापर्यंत बोट आत जात असेल तर ती दुसऱ्या बाजूला खेचली जाते. बोट पोहोचवण्यासाठी मूठ हातात फिरवून घेण्याची युक्ती पुष्कळजण करतात. ती युक्ती म्हणजे हत्यार हाताला बसत नसल्याची कबुलीच होय.

तिसरी गोष्ट जोराची. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी चढवलेला असला तर चाप हलका लागतो; तो न चढवता नुसता चाप ओढायचा, तर पाच-सहा किलोंचा जोर लागणे काही विशेष नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन, रिकाम्या हत्याराचा चाप सुरक्षित दिशेला सलग पाच-सहा वेळा ओढून पाहावा. शेवटच्या वेळी नळी थरथरू लागली, तर ते हत्यार कितीही देखणे असो, आपले नव्हे. सांधेदुखी असणाऱ्यांनी ह्या परीक्षेत मुळीच सवलत घेऊ नये.

चौथी गोष्ट अंगठ्याची. मूठ न सोडता अंगठा घोड्यापर्यंत गेला पाहिजे. मोडत्या नळीच्या रिव्हॉल्व्हरचा खटका डाव्या अंगाला, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी असतो. डावखुऱ्या माणसाने तो आपल्या हाताने उघडून पाहावा. मगच पुढचे बोलणे करावे. करंगळीकडेही लक्ष असावे. आखूड मुठीवर तिला जागा मिळत नाही आणि ती खाली लोंबते. तीन बोटांनी धरलेले हत्यार धक्क्याबरोबर हातात फिरते.

आता डोळे. नळीच्या टोकावर जो उंचवटा असतो, त्याला नेमबाज माशी म्हणतात. नेम धरताना ही माशी स्वच्छ दिसायला हवी. समोरचे लक्ष्य थोडे अंधुक दिसले तरी चालते. तरुणपणी ह्याचा विचारही करावा लागत नाही. पण चाळिशी लागल्यावर हाताच्या अंतरावरची माशीच पुसट होते. म्हणून रोजचा चष्मा लावून, दुकानाच्या दिव्यात नव्हे तर दाराशी उजेडात, ती पाहावी. शेवटी डोळे मिटून हत्यार समोर उचलावे आणि डोळे उघडावेत. माशी जवळजवळ जागेवर असेल, तर हात आणि हत्यार ह्यांचे गोत्र जुळले असे समजावे.

ह्यात अवघड असे काही नाही. स्पर्धेतील नेमबाज तर पिस्तुलाची लाकडी मूठ कानशीने घासून, कोठे लुकण भरून, आपल्या तळहाताच्या साच्याची करून घेतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. त्या दर्जाच्या खेळात मुठीचा एक-दोन मिलिमीटरचा फरकही जाणवतो. घरगुती रिव्हॉल्व्हरला तेवढे कोणी करणार नाही. पण मुठीवरच्या दोन फळ्या स्क्रूने काढता येतात आणि जाणत्या कारागिराकडून पातळ किंवा जाड करून घेता येतात, एवढे ठाऊक असले तरी पुरे. चापाचे अंतर मात्र असे बदलता येत नाही. म्हणून मुठीत थोडे उणे चालेल, चापात नको.

हलके की जड?

"बायकांसाठी हलके बरे," हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. 'निर्भीक' बाजारात आले ते मुख्यतः स्त्रियांसाठी म्हणूनच, आणि त्याचे नावही दिल्लीच्या निर्भयाची आठवण ठेवून दिलेले. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे पर्समध्ये मावायला सोयीचे. पण हत्यार जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो, हा साधा निसर्गनियम आहे. पाऊण किलोचे जुने रिव्हॉल्व्हर खांद्याला लटकवून फिरताना जड वाटेल, परंतु गोळी सुटताना तेच वजन आपल्या बाजूने असते. तेव्हा लहान हाताला हलके हत्यार नव्हे, तर बारीक मुठीचे आणि जवळच्या चापाचे हत्यार हवे. हा निर्णय नवऱ्याने, भावाने किंवा दुकानदाराने करू नये. जिच्या नावावर परवाना आहे तिच्या हाताने करावा.

ज्याला नेमके आपला हात कसा आहे तेच ठाऊक नाही, त्याने आधी हवेच्या दाबावर चालणारे .१७७ चे पिस्तूल एखाद्या नेमबाजी केंद्रावर काही महिने चालवून पाहावे. २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि छर्रे स्वस्त असतात. कित्येकांची हौस तेथेच फिटते. तसे झाले तर लाखभर रुपये आणि एक मोठी जोखीम, दोन्ही वाचली म्हणायची.

जुन्याची परीक्षा

हात जुळला की हत्यार उघडावे. वर म्हटल्याप्रमाणे पहिला शत्रू गंज. यवतमाळचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळा दमट असतो, आणि पुष्कळ घरांत रिव्हॉल्व्हर वर्षभर कातडी म्यानात कोंबून ठेवलेले असते. कातडे ओल धरते, आणि ज्या बाजूला ते चिकटते तेथे पोलादाला बारीक खड्डे पडतात. दसऱ्याला मंडळी शस्त्रपूजा करतात, हळदकुंकू वाहतात आणि तसेच कपाटात ठेवून देतात. ते कुंकू घोड्याच्या फटीत वर्षभर बसते. पूजा जरूर करावी, पण संध्याकाळी फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हाही तेल देऊनच न्यावे.

नळीच्या एका टोकाशी पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून आत पाहावे. आतील पीळदार चऱ्या स्पष्ट आणि चकचकीत दिसल्या पाहिजेत. काळसर डाग पुसले जातात. खड्डे पुसले जात नाहीत. बाहेरून अगदी नवी काळी झिलई दिसली, तर आनंदण्याऐवजी सावध व्हावे. जुन्या गंजावर नवा साज चढवलेला असू शकतो. त्या झिलईखाली अक्षरे व क्रमांक पुसट झाले असतील तर तो सौदा तेथेच सोडावा. हत्यारावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक आकड्याला आकडा जुळला पाहिजे.

नंतर चक्र. घोडा सावकाश चढवीत जावा. तो अडकतो त्या क्षणी चक्रही जागच्या जागी खट्कन अडकले पाहिजे, आणि ही तपासणी सहाही घरांची करावी. पाच घरे बरोबर आणि सहावे किंचित मागे, असे असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी घासून सुटेल. अडकलेले चक्र बोटाने हलवून पाहावे. नखभर हालचाल चालते, खुळखुळाट चालत नाही. मोडत्या नळीच्या रिव्हॉल्व्हरची बिजागरी हा त्याचा सर्वात दुबळा भाग. झटका देऊन उघडण्या-मिटण्याची सिनेमातली सवय ज्या मालकाला असते, त्याच्या हत्याराची बिजागरी सैल होते. मूठ एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून हलवावी, म्हणजे मालकाचा स्वभाव कळतो. स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील, तर घरच्या पेचकसाने कोणीतरी आत हात घातला आहे असे खुशाल समजावे.

हे सर्व आपल्याला समजले तरी शेवटचा शब्द परवानाधारक दुकानातील कारागिराचा असू द्यावा. तपासणीचे दोन पैसे देताना हात आखडू नये. आणि गोळी झाडून पाहायची तर अधिकृत नेमबाजी केंद्रावर. वरातीत, दिवाळीच्या रात्री किंवा नव्या हत्याराच्या आनंदात हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वडिलांचे हत्यार

यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी अशा गावांतून जुनी हत्यारे बाजारात येतात, त्यांच्यामागे पुष्कळदा एक वृद्ध किंवा दिवंगत गृहस्थ असतो. परवानाधारक वारला, तर त्याचे हत्यार घरी ठेवून देता येत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावे लागते. २०१६ च्या नियमांत वारसाची सोयही आहे. मृत्यूनंतर, किंवा परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर, किंवा त्याने हत्यार २५ वर्षे बाळगल्यानंतर, कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो.

अशा वेळी मन हळवे होते. बाबांनी दर रविवारी ओसरीवर बसून ते पुसलेले असते; त्याला त्यांच्या हाताचा वास असतो. ते दुसऱ्याला द्यायचे म्हणजे बाबांनाच परके केल्यासारखे वाटते. परंतु बाबांचा कोट जसा मुलाला होईलच असे नाही, तसेच हे आहे. मोठ्या पंजाच्या बापाचे रिव्हॉल्व्हर मुलीच्या किंवा सडपातळ मुलाच्या हातात बसत नसेल, तर ते केवळ आठवण म्हणून भरलेल्या कपाटात ठेवणे ही आठवणीची सेवा नव्हे. आठवणीसाठी त्यांचा चष्मा आहे, हिशेबाची वही आहे. हत्यार रीतसर विकावे आणि ज्याच्या हाताला बसेल त्याच्याकडे जाऊ द्यावे. घेणारानेही अशा घरात भाव पाडून मागू नये.

घरातले इतर हात

आतापर्यंत घेणाऱ्याच्या हाताचा विचार झाला. पण हत्यार घरी आणल्यावर ते आणखी कोणाच्या हातात जाऊ शकते, हा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. "चाप इतका कडक आहे की पोराला ओढवणार नाही," असे समाधान कोणी करून घेऊ नये. लहान मूल एका बोटाने ओढीत नाही. नळी स्वतःकडे करून दोन्ही अंगठ्यांनी ढकलते. मुलापासून लपवलेली वस्तू मुलाला सापडते, हे दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यापुरतेच खरे आहे असे थोडेच? हत्यार कुलुपात, काडतुसे दुसऱ्या कुलुपात, किल्ली एकाच मोठ्या माणसापाशी. उशीखाली नाही, देव्हाऱ्यामागे नाही, मोटारीच्या कप्प्यात तर नाहीच.

दुसरा हात मन खचलेल्या माणसाचा. आमच्या ह्या जिल्ह्याने शेतीच्या संकटात किती घरांचे दुःख पाहिले आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको. घरात कोणी कर्जाने, आजाराने किंवा वियोगाने उदास झाले असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर त्या काळापुरते हत्यार घराबाहेर असावे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात ते पावती घेऊन ठेवता येते. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. वाईट क्षण निघून जातो, माणूस सावरतो; पण त्यासाठी तो क्षण रिकाम्या हाताने गेला पाहिजे.

म्हणून खरेदीला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्यांसमवेत बसावे. गरज कोणती, कुलूप कोठले, किल्ली कोणाकडे, सरावाला कोण आणि कधी जाणार, हे चार प्रश्न मोकळेपणाने बोलावेत. चौघांची उत्तरे जुळली तर दुकानाची पायरी चढावी, हात मोजावा, चक्र पाहावे, कागद तपासावेत, आणि ४५ दिवस थांबून परवडेल त्या किमतीत चांगले जुने हत्यार घरी आणावे. उत्तरे जुळली नाहीत तर तेच पैसे दाराला मजबूत कडी, अंगणात दिवा आणि बँकेत लॉकर ह्यांवर खर्च करावेत. ही खरेदी कोणाच्याही हाताला बसते, आणि तिला परवाना लागत नाही.